कसणे थांबले तरी सातबारा राहावा : वृद्ध शेतकऱ्यांच्या पेन्शनबाबत खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री आणि मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : वयोवृद्ध अल्पभूधारकांना कसणूक सोडण्याच्या बदल्यात हयातभर पेन्शन देणारा, मालकी अबाधित ठेवणारा कायदा करण्याबाबत.

महोदय,

पासष्टी ओलांडलेल्या अल्प व अत्यल्प भूधारकाला स्वतः शेती कसणे थांबवायचे असेल, तर त्याने आपली जमीन ठरावीक मुदतीसाठी तरुण कसणाऱ्याकडे सोपवावी आणि त्या बदल्यात शासनाने त्याला व त्याच्या पत्नीला हयातभर पेन्शन द्यावी, अशी योजना कायद्याने आणावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. यात विक्रीची अट नसावी आणि सातबाऱ्यावरचे मालकाचे नाव हलू नये. पेन्शन हा विषय कृषी खात्याचा समजला जातो, तर जमीन हा महसूल खात्याचा. वृद्ध शेतकऱ्याचा प्रश्न या दोन खात्यांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षे पडून राहिला आहे, म्हणून पत्र दोघांनाही एकत्र लिहिले आहे.

मी बार्शी तालुक्यातला. राज्याच्या कृषी विभागात तालुका पातळीवर नोकरी करून वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो आणि तेव्हापासून दर महिन्याला पेन्शन घेतो. माझे थोरले बंधू सत्तरी पार करून गेले, तरी आजही रात्रपाळीच्या विजेला विहिरीवर जातात, कारण त्यांना निवृत्त करणारा नियम कुठल्याच खात्याकडे नाही. एकाच घरात, एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या दोघांच्या म्हातारपणात इतके अंतर पडावे, याचे कारण आमच्या कष्टांत नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी संपावर गेले, तेव्हा त्यांची बाजू मला पूर्ण पटली होती. म्हातारपणी हात पसरावा लागू नये, ही मागणी माणूसपणाची आहे. तीच मागणी शेतकऱ्यासाठी करताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

म्हातारा शेतकरी जमीन सोडत नाही, त्याला मातीचा मोह सुटत नाही, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. गावागावांत काम करताना मला जे दिसले ते वेगळे आहे. बहुतेकांना थांबायचे असते. गुडघे गेलेले असतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला असतो, मजूर वेळेवर मिळत नाही आणि मुलगा पुण्याला किंवा पिंपरी-चिंचवडला एखाद्या कारखान्यात कंत्राटावर असतो. पण जमीन हीच त्यांची पेन्शन, तीच आजारपणाचा विमा आणि मुलासुनांकडून मान मिळवून देणारी तीच शेवटची गोष्ट असते. ती हातातून गेल्यावर काय उरेल, या प्रश्नाला शासनाकडे आज उत्तर नाही. त्यामुळे ते थांबत नाहीत.

मग ते काय करतात, हे आपण एखाद्या शिवारात उभे राहून पाहावे. जमीन वाट्याने किंवा खंडाने दिली जाते, तोंडी बोलीवर, एका हंगामासाठी किंवा फार तर एका सालासाठी, आणि पुढच्या पाडव्याला वाटेकरी बदलला जातो. चांगला कसणारा असला तरी बदलला जातो. आमच्याच शिवारात चार एकरांचा एक तुकडा आहे. त्याचे मालक पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. त्या रानाचा ओढ्याकडचा बांध एका मोठ्या पावसात फुटला आणि पुढे कित्येक पावसाळे तसाच राहिला, कारण पुढच्या साली रान आपल्याकडे राहील याची कुठल्याच वाटेकऱ्याला खात्री नव्हती. परक्याच्या जमिनीत शेणखताच्या गाड्या कोण टाकणार? ठिबकच्या नळ्या कोण पसरणार? दरवर्षी सोयाबीनवर सोयाबीन घेतले गेले, वरची माती ओढ्याला गेली आणि आता त्या कोपऱ्यात तुरीचे झाड गुडघाभर वाढून थांबते. मालकाला हे सगळे दिसते. ते स्वतः फावडे उचलू शकत नाहीत आणि दुसऱ्याच्या हाती निर्धास्तपणे रान देऊही शकत नाहीत.

ही भीती कुळाची आहे, म्हणजे कसणारा उद्या कायद्याने जमिनीवर हक्क सांगेल याची, आणि ती निराधार नाही. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. महाराष्ट्राच्या इतिहासातले ते मोठे न्यायाचे काम होते आणि त्याविरुद्ध मला एक शब्दही लिहायचा नाही. मात्र त्याच कायद्यातल्या कलम ३२-ओ नुसार कृषक दिनानंतर लागलेल्या कुळालाही वर्षभराच्या आत जमीन खरेदीचा हक्क सांगता येतो. मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा आणि विदर्भात १९५८ चा कायदा वेगळा असला, तरी गावातली समजूत सगळीकडे एकच आहे : कागद केला की कूळ लागते. म्हणून कागद होत नाही. कागद नाही म्हणून कसणाऱ्याला विकास सोसायटीचे पीककर्ज मिळत नाही, पीकविमा आणि नुकसानभरपाई मालकाच्या खात्यावर जाते आणि ई-पीक पाहणीतली, म्हणजे मोबाइलवरून होणारी पिकाची नोंदही मालकाच्याच नावाने होते. ज्या कायद्याने एका पिढीतल्या भूमिहीनाला जमीन दिली, त्याच्याच धाकामुळे आजच्या पिढीतल्या भूमिहीन तरुणाला भाड्यानेसुद्धा जमीन मिळत नाही. नीती आयोगाने डॉ. टी. हक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा राज्यांसमोर ठेवला, तो नेमक्या याच अडचणीवर. मालकी सुरक्षित राहावी आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा व मदत मिळावी, असे त्याचे सूत्र होते. ते सूत्र चांगले आहे. पण केवळ भाडेपट्ट्याचा कायदा करून वृद्ध शेतकरी थांबणार नाही. त्याला थांबण्यासाठी महिन्याच्या महिन्याला येणारी रक्कम हवी, आणि पेन्शनचा मुद्दा तिथेच येतो.

आज त्याच्यासाठी काय आहे, तेही तपासावे. प्रधानमंत्री किसान मानधन योजना १२ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाली. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या १८ ते ४० वयाच्या शेतकऱ्याने वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरायचे, केंद्राने तेवढेच घालायचे आणि साठीनंतर दरमहा ३,००० रुपये पेन्शन मिळायची, अशी तिची रचना आहे. प्रवेशाची वरची मर्यादाच चाळीस वर्षांची असल्यामुळे या योजनेतली पहिली पेन्शन २०३९ च्या आधी कुणाच्याही हातात पडणार नाही, आणि २०१९ मध्ये जो चाळिशी ओलांडून गेलेला होता त्याला ती कधीच मिळणार नाही. आज साठ, सत्तर, ऐंशी वर्षांचे असलेले सगळे शेतकरी त्यातून वगळले गेले आहेत. दुसरीकडे श्रावणबाळ योजना आहे. तिचे १,५०० रुपये मिळवायचे तर वय पासष्ट हवे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला हवा. दोन-तीन एकरांच्या मालकाला तो दाखला मागताना तलाठ्यासमोर मान खाली घालावी लागते, किंवा मग खोटे लिहावे लागते. या दोन्हींपैकी काहीही त्याच्यावर लादू नये.

राहिला पीएम-किसान आणि नमो शेतकरी महासन्मान निधी. दोन्ही मिळून वर्षाला १२,००० रुपये येतात आणि घरात त्यांचा उपयोग होतो, हे मी पाहतो. मात्र हा निधी जमिनीच्या मालकीशी बांधलेला आहे. पीएम-किसानच्या मार्गदर्शक सूचनांत १ फेब्रुवारी २०१९ ही पात्रतेची तारीख ठरवली गेली आणि त्यानंतरचे नावातले बदल पाच वर्षे धरू नयेत, अपवाद फक्त मृत्यूनंतरच्या वारसाचा, असे लिहिले गेले. म्हणजे वडिलांनी हयातीत जमीन मुलाच्या हवाली केली तर मुलाला लाभ नाही, आणि वडील वारल्यावर वारस लागला तर लाभ आहे. दोन मृत्यूंच्या मधल्या काळात जमीन पुढच्या पिढीकडे जाऊच नये, असा कुणाचा हेतू नसेल, पण नियमाचा परिणाम तोच झाला.

जमीन हयातीत पुढे सरकावी म्हणून इतर देशांनी काय केले, याचा अभ्यास आपल्या अधिकाऱ्यांनी करावा, असे मला कळकळीने वाटते. कारण यातला एकही प्रयोग नवा नाही आणि प्रत्येकाच्या चुका नोंदलेल्या आहेत.

फ्रान्सने ८ ऑगस्ट १९६२ च्या कायद्याने वृद्ध शेतकऱ्याला शेती सोडण्याबद्दल हयातभर भत्ता देणे सुरू केले. एदगार पिसानी तेव्हा कृषिमंत्री होते. जमीन सोडणाऱ्याची शेती शेजारच्या लहान शेतकऱ्याला पुरेशी मोठी करण्यासाठी किंवा तरुणाला उभे करण्यासाठी जावी, अशी अट होती. विक्रीला आलेली जमीन सट्टेबाजांच्या हाती पडू नये म्हणून ग्रामीण भूसंस्थांना पहिल्या खरेदीचा हक्कही त्याच कायद्याने दिला गेला. अनेक लाख वृद्धांनी हा भत्ता घेतला. त्या देशाकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. तिथे निवृत्त शेतकऱ्याला घरच्या भाजीपाल्यापुरता, चार कोंबड्यांपुरता एक लहान तुकडा स्वतःकडे ठेवता येतो. माणसाला पूर्ण रिकामे करून घरी बसवू नये, एवढी समज त्या नियमात आहे.

याच्या उलट अनुभव युरोपीय समुदायाचा. त्या समुदायाचे कृषी आयुक्त सिको मानशोल्ट यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या आराखड्यात सुमारे पन्नास लाख लोकांनी शेतीबाहेर पडावे अशी कल्पना होती. शेतकऱ्यांनी ती आपल्याला हाकलण्याची योजना म्हणून वाचली. २३ मार्च १९७१ रोजी ब्रसेल्समध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि त्यात एका शेतकऱ्याचा जीव गेला. पुढच्या वर्षी जी निवृत्तीची तरतूद आली ती पुष्कळ सौम्य केलेली होती. शेतकऱ्यांची संख्या कमी करणे हा उद्देश म्हणून जाहीर करायचा आणि मग त्यांच्याच विश्वासाची अपेक्षा ठेवायची, हे जमत नाही.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण मला आयर्लंडचे वाटते. तिथल्या शेतकऱ्याच्या मनातही कुळाची जुनी भीती आहे. एकोणिसाव्या शतकातल्या जमीन कायद्यांनी कुळांना हक्क दिल्यापासून तिथे जमीन अकरा महिन्यांच्या बोलीवर देण्याची चाल रुजली आणि तिचे दुष्परिणाम आमच्या शिवारातल्या त्या फुटक्या बांधासारखेच होते. आयर्लंडने १९९४ मध्ये मुदतपूर्व निवृत्तीची योजना सुरू केली. पंचावन्न ते सहासष्ट वयाच्या शेतकऱ्याने आपली शेती प्रशिक्षित तरुणाला विकावी, बक्षीस द्यावी किंवा दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावी आणि त्याला जास्तीत जास्त दहा वर्षे पेन्शन मिळावी, अशी ती होती. भाड्याने देण्याची मुभा होती, ही तिची मोठी जमेची बाजू.

पण तिच्या तक्रारीही आपण वाचाव्यात. पेन्शनची रक्कम महागाईशी जोडलेली नव्हती, त्यामुळे दहा वर्षांत तिची किंमत झिजली. सरकारी वृद्धापकाळ पेन्शन सुरू झाली की तेवढी रक्कम या पेन्शनमधून वजा होत असे. पुढे युरोपचे अनुदान २००० ते २००२ या वर्षांत जे प्रत्यक्ष शेती करत होते त्यांच्या नावाशी बांधले गेले, तेव्हा सरकारच्याच सांगण्यावरून आधी निवृत्त झालेल्या अनेकांच्या वाट्याला ते हक्क आले नाहीत. ज्यांनी सरकारवर विश्वास ठेवून आधी पाऊल उचलले त्यांचेच नुकसान झाले. आणि ऑक्टोबर २००८ मध्ये मंदीच्या अर्थसंकल्पात, अर्थसंकल्पाच्या दिवशीच, नवे अर्ज घेणे बंद झाले. कागदपत्रांची जुळवाजुळव करत बसलेले शेतकरी बाहेर राहिले. योजना प्रशासकीय निर्णयावर उभी असली की ती प्रशासकीय निर्णयानेच जाते. आयर्लंडने दुसरा मार्गही चोखाळला. पाच वर्षे किंवा अधिक मुदतीच्या भाड्याने जमीन देणाऱ्याला भाड्याच्या उत्पन्नावर आयकरात सूट मिळू लागली, आणि २०१५ पासून पंधरा वर्षांच्या भाडेपट्ट्याला वर्षाला ४०,००० युरोपर्यंतची सूट आहे. मुदत जितकी लांब तितका लाभ मोठा, ही रचना उचलण्यासारखी आहे.

जपानचा धडा कडू आहे, पण तो सांगितलाच पाहिजे. तिथे १९७० च्या कायद्याने शेतकऱ्यांचा पेन्शन निधी स्थापन झाला आणि साठ ते पासष्ट या वयात शेतीचा कारभार पुढच्या पिढीकडे सोपवणाऱ्याला खास पेन्शन ठेवली गेली. बहुतेक घरांत कारभार मुलाच्या नावे झाला, मुलगा शहरात नोकरीला राहिला आणि रानात वडीलच दिसत राहिले. कागदावर पिढी बदलली, नांगर बदलला नाही. निधीत भरणारे कमी आणि घेणारे जास्त अशी अवस्था येऊन २००१ मध्ये सगळी पद्धत बदलावी लागली व चालू पेन्शनलाही कात्री लागली. २०२० च्या शेती-गणनेत जपानमध्ये प्रामुख्याने शेतीवरच काम करणाऱ्यांचे सरासरी वय ६७.८ वर्षे होते. जपानने २०१४ पासून प्रत्येक प्रांतात एक भूमी मध्यस्थ संस्था नेमली, जी मालकाकडून जमीन भाड्याने घेते आणि कसणाऱ्याला देते. मालक आणि कसणारा समोरासमोर येत नाहीत. आपल्याकडच्या कुळाच्या भीतीवर याहून चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही. दक्षिण कोरियात २०११ पासून वृद्ध शेतकऱ्याला शेतजमीन तारण ठेवून दरमहा रक्कम घेता येते आणि तीच जमीन कसता किंवा भाड्यानेही देता येते. मात्र आपल्याकडे तारण या शब्दानेच सावकाराची आठवण होते, म्हणून तो मार्ग मी आज सुचवत नाही.

महाराष्ट्राची परिस्थिती या सगळ्यांहून एका बाबतीत वेगळी आहे आणि ती डोळ्यांसमोर ठेवूनच कायदा लिहिला जावा. १९७०-७१ मध्ये राज्यातले सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ च्या कृषी गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. फ्रान्सने वृद्धांना निवृत्त केले तेव्हा बाहेर कारखाने माणसांची वाट पाहत होते. आपल्याकडे जमीन कसायला तयार असलेले हात कमी नाहीत. बचत गटांतल्या बाया आहेत, एकल महिला आहेत, शेतमजुरांची मुले आहेत, कृषी पदविका घेऊन घरी बसलेले तरुण आहेत, आणि ज्याच्या वाट्याला दीड एकर आले व ज्याला आणखी तीन एकर सलग मिळाले तर गावातच राहून संसार करता येईल असा लहान शेतकरी आहे. म्हणून आपल्या कायद्याचा उद्देश शेतकऱ्यांची संख्या घटवणे हा नसावा. थकलेल्या हातातली जमीन कसणाऱ्या हातात दहा वर्षांच्या भरवशाने जावी, एवढाच तो असावा. कंपन्यांना किंवा जमिनीच्या दलालांना या वाटेने शिरकाव मिळणार असेल, तर ही योजना न आणलेली बरी. कसणाऱ्यासाठी क्षेत्राची कमाल मर्यादा आणि स्थानिक रहिवासाची अट त्यासाठी आवश्यक आहे.

पेन्शनची रक्कम काय असावी, याबद्दल माझे म्हणणे असे आहे. किसान मानधन योजनेने साठीनंतरच्या शेतकऱ्यासाठी ३,००० रुपये ही रक्कम योग्य मानली आहे, तर आजच्या वृद्धालाही किमान तेवढी मिळावी आणि ती दरवर्षी महागाईनुसार वाढावी, जशी माझी वाढते. जमिनीचे भाडे याशिवाय वेगळे मिळावे. ते जपानसारख्या मध्यस्थ भूमी संस्थेने थेट मालकाच्या खात्यावर जमा करावे आणि कसणाऱ्याचे हप्ते थकले तरी मालकाला ते थांबू नये. वसुलीचा त्रास सत्तर वर्षांच्या माणसावर टाकला, तर तो पहिल्याच वर्षी पुन्हा तोंडी बोलीकडे वळेल. घराजवळचे किंवा विहिरीलगतचे वीस गुंठे त्याला स्वतःकडे ठेवता यावेत. त्याचा शेतकरी दाखला, विकास सोसायटीतले आणि साखर कारखान्यातले सभासदत्व यांना धक्का लागणार नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे, कारण जमीन सोडली की आपण शेतकरी उरत नाही ही भीती रकमेइतकीच खरी आहे.

त्याच्या पत्नीबद्दल मला अधिक विस्ताराने लिहायचे आहे. आयुष्यभर खुरपणी, काढणी, राखण, जनावरांचा चारापाणी तिने केला, आणि सातबाऱ्यावर बहुतेक ठिकाणी तिचे नाव नाही. तिच्या नावावर काही नाही म्हणून कुठल्याही शेतकरी योजनेच्या यादीतही ती नाही. १९९२ पासून लक्ष्मीमुक्तीची तरतूद आहे, पतीच्या हयातीत पत्नीचे नाव लावता येते, पण किती घरांनी ते लावले हे आपल्या खात्यालाच अधिक माहीत असेल. जमीन वाट्याने दिली की पैसे नवऱ्याच्या हातात येतात, आणि नवरा गेला की मुलांच्या. म्हणून या योजनेतली पेन्शन सुरुवातीपासूनच दोन समान हिश्शांत, दोन वेगळ्या बँक खात्यांवर जमा व्हावी. पतीच्या मागे तिला पूर्ण रक्कम मिळावी. मानधन योजनेत पतीच्या निधनानंतर पत्नीला निम्मे म्हणजे १,५०० रुपये मिळतात. ते का निम्मे असावेत, हे मला कधी समजलेले नाही. दोघांच्या चुलीला लागणारे सरपण एकटीच्या चुलीलाही जवळपास तेवढेच लागते.

मुलांचा प्रश्न नाजूक आहे. जपानप्रमाणे सगळी पेन्शन मुलाच्या नावे कागद करून उचलली जाऊ नये, आणि तरीही जो मुलगा खरोखर गावात राहून कसतो त्याला परक्याच्या मागे उभे करू नये. मूळ पेन्शन सर्वांना सारखी ठेवावी, आणि कुटुंबाबाहेरच्या कसणाऱ्याला जमीन देणाऱ्यास काही अधिक रक्कम द्यावी, म्हणजे दोन्ही गोष्टी साधतील. मुलगा कसत असल्याची खात्री ई-पीक पाहणीतून होऊ शकते. त्यासाठी फक्त मालकाऐवजी कसणाऱ्याच्या मोबाइलवरून नोंद घेण्याची सोय करावी लागेल. जमीन हयातीत मुलाच्या नावावर करून देणाऱ्या आईवडिलांसाठी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, परत मिळू शकते. पण त्यासाठी प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि स्वतःच्या मुलाविरुद्ध अर्ज करावा लागतो. मी दोन-तीन वृद्धांना अर्ज लिहून दिले आहेत आणि सही करताना थांबलेले त्यांचे हात पाहिले आहेत. पेन्शन हातात असली तर त्या पायऱ्या चढण्याची वेळच कमी जणांवर येईल.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न अर्थ खाते विचारणारच. त्याचे उत्तर या राज्याने पूर्वी एकदा दिलेले आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभी राहिलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळाच्या काळात आकाराला आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला आणि आम्ही सर्वांनी तो पगारातून मुकाट्याने, किंबहुना समाधानाने भरला. गावात काम मागणाऱ्या मजुराची मजुरी मुंबई-पुण्याच्या पगारातून जावी, हे महाराष्ट्राला तेव्हा पटले होते. म्हाताऱ्या शेतकऱ्याची भाकरीही तशीच जावी, हे आज पटणार नाही असे मला वाटत नाही. शिवाय ही योजना सगळ्यांसाठी एकाच वर्षी आणण्याची गरज नाही. पंचाहत्तरीच्या वरच्यांपासून आणि दोन हेक्टरच्या आतल्यांपासून सुरुवात केली तरी चालेल. मात्र ती शासन निर्णयाने आणू नये, विधिमंडळाच्या कायद्याने आणावी, आणि एकदा मंजूर झालेली पेन्शन पुढच्या कुठल्याही अर्थसंकल्पाने थांबवता येणार नाही, अशी तरतूद त्यात असावी. कूळ कायद्याच्या तिन्ही अधिनियमांत त्याबरोबरच एक दुरुस्ती लागेल : भूमी संस्थेमार्फत दिलेल्या जमिनीवर कुळाचा हक्क निर्माण होणार नाही. जुन्या कुळांचे जे हक्क आहेत त्यांना या दुरुस्तीने स्पर्शही होऊ नये.

एक व्यावहारिक सूचना अर्जाबद्दल. नोकरीत असताना मी पाहिलेले अर्जदार प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आठ-अ, पासबुक, सोसायटीचा उतारा आणि आधार घेऊन येत असत. खुरप्याने आणि कासऱ्याने बोटांच्या रेषा इतक्या झिजलेल्या असत की यंत्रावर अंगठा उमटत नसे, आणि त्या दिवसाची खेप वाया जात असे. या योजनेत अंगठ्याचा आग्रह नसावा. सहायक कृषी अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी यांनी मिळून घरी जावे, जमीन आणि माणूस दोन्ही पाहावे, आणि तिथेच अर्ज भरावा. सातबारा संगणकावर आहेच, तो म्हाताऱ्याकडून मागण्याचे कारण नाही.

आमच्या भागात वाटेकरी आणि सालगडी यांची बोली गुढीपाडव्याला ठरते, फार तर अक्षय्य तृतीयेपर्यंत लांबते. त्यानंतर वर्षभरासाठी कोण कुठले रान कसणार हे पक्के झालेले असते. अर्थसंकल्पी अधिवेशनही त्याच सुमारास असते. या अधिवेशनात आपण दोघांनी मिळून विधेयक मांडले, निदान प्रत्येक महसूल विभागातल्या एका तालुक्यात भूमी संस्था सुरू करण्याची घोषणा केली, तर पाडव्याच्या आधी ती गावापर्यंत पोहोचेल आणि काही वृद्ध शेतकरी या वर्षीची बोली तोंडी न करता थांबतील. त्यासाठी लागणारी गावनिहाय माहिती गोळा करायला माझ्यासारखे निवृत्त कर्मचारी विनावेतन तयार आहेत. आपल्या कार्यालयातून निरोप आला, तर बार्शी तालुक्यातले काम मी दुसऱ्या दिवशी सुरू करीन.

आपला विश्वासू,
कृषी विभागातील एक सेवानिवृत्त कर्मचारी,
तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर